काळूचा निळा क्रेट

“मॅडम, मांजराला गाडी लागते का?”

चैतालीने हात वर करून, उभं राहून, खणखणीत आवाजात विचारलं आणि नववी ‘ब’चा अख्खा वर्ग फुटला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओकारीचा आवाज काढला. आयुषने तर बाकावर डोकंच टेकलं, कारण पैज त्यानेच लावली होती. जनावरांच्या डॉक्टर मॅडम शाळेत करिअर मार्गदर्शनाला येणार म्हटल्यावर मधल्या सुट्टीत तो आणि संजना तिच्या मागेच लागले होते, “विचारून दाखव. दम असेल तर सगळ्यांसमोर विचारून दाखव.”

दम! गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा आवंढा गिळायची. यंदा पंधरा ऑगस्टला बाईंनी तिला बळेच माइकपुढे उभं केलं, आणि तिथं तिला एक मोठा शोध लागला : लोक खात नाहीत. बोललं तर ऐकतात, टाळ्यासुद्धा वाजवतात. त्या दिवसापासून तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नाही. आई म्हणायची, “आधी बोल गं बाई म्हणून मागे लागायचे, आता गप्प बस म्हणून.”

तर दम होता, आणि तिने विचारलं. पुढे मात्र चैतालीला कितीदा तरी वाटलं, की त्या दिवशी आपण पूर्वीसारख्याच घाबरट असतो तर फार बरं झालं असतं. प्रश्न पोटात राहिला असता आणि काळू घरात राहिला असता.

डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, “तुझ्या मांजराला लागते?”

“लागते म्हणजे काय मॅडम! बोका आहे, काळू नाव. लाळ गाळतो, बोंब मारतो, सीटवर शू करतो. पायाला जखम झाली म्हणून दवाखान्यात नेत होतो, तर पप्पांच्या मानेवर चढला. पप्पांनी गाडी नेऊन उसाच्या रसवाल्याला टेकवली.”

वर्ग पुन्हा फुटला. मॅडम थांबल्या, आवाज खाली बसू दिला.

“ओकारी नंतरची गोष्ट. आधी भीती. त्याच्या बाजूने बघ ना. वर्षातून एकदा कुणीतरी त्याला धरतं, कोंबतं, जमीन हलायला लागते आणि शेवटी सुई टोचतात. तू बसशील का अशा गाडीत?”

“नाही मॅडम.”

“मग? आधी त्याला बसायला एक जागा दे. त्याची स्वतःची. ती घरातच उघडी ठेव, तिथंच खायला दे. आपणहून आत जाऊन झोपायला लागला की मग ती जागा उचलून बंद गाडीत ठेव. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवर. मग गल्लीच्या टोकापर्यंत. आणि दरवेळी, दरवेळी हं, शेवट गोड झाला पाहिजे. गाडी म्हणजे खाऊ, गाडी म्हणजे पुन्हा घर. एवढं त्याच्या डोक्यात बसलं की झालं तुझं काम.”

गाडी म्हणजे खाऊ, गाडी म्हणजे पुन्हा घर. चैतालीने ते तिथल्या तिथं पाठ केलं.

तिला घाई होती, आणि घाईला कारण होतं. दरवर्षी मे महिन्यात सगळं घर कुलूप लावून देवळ्याला मामाकडे जायचं. काळू मागे राहायचा. शेजारच्या सिंधुमावशी दूध ठेवायच्या, पण गेल्या वर्षी परत आल्यावर जो काळू जिन्यात बसलेला दिसला त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झाल्या होत्या. चैताली त्याला मांडीवर घेऊन तासभर रडली होती. तेव्हा पप्पा म्हणाले होते, “हे बघ चैतू, गाडीत शांत बसला तर नेऊ त्यालाही. माझी मान मात्र मला पाहिजे.”

शिवाय काळू तिचा एकटीचा नव्हताच. त्याला घरात आणलं होतं पूजाताईने. चार वर्षांपूर्वी त्रिमूर्ती चौकातल्या गटारीतून, नव्या ओढणीत गुंडाळून. त्या ओढणीपायी आईची बोलणीही खाल्ली होती. मग ताईचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. निघताना वऱ्हाड खोळंबलं होतं, हार सुकत होता, आणि ही बया काळूला धरून रडत होती. “चैतू, याला सांभाळ हं,” एवढंच बोलली. आईसाठी काही नाही, पप्पांसाठी काही नाही, बोक्यासाठी निरोप! आईने ते पुढे कितीतरी महिने ऐकवलं.

क्रेट पप्पांनी आणला. पप्पा मूळचे पिंपळगाव बसवंतचे. अंबडच्या कंपनीत लागले आणि सिडकोत राहायला आले, पण त्यांचे चुलतभाऊ दीपककाका तिकडेच द्राक्षांचं पॅकहाउस चालवतात. बागांतून माल ज्या निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेटांतून येतो, तसले दोन जुने क्रेट पप्पांनी मागून आणले. एक खाली, एक त्यावर पालथा. एका बाजूला तार ओवून बिजागरी केली, आणि दुसऱ्या बाजूला चैतालीने शाळेची लाल रिबीन बांधली, फूल करून. आत तिचा पाचवीतला हिरवा स्वेटर. भोकाभोकांतून काळूला बाहेरचं दिसायचं आणि बाहेरच्यांना काळूचे दोन पिवळे डोळे.

पहिले काही दिवस साहेबांनी क्रेटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग स्वेटरवर चिमूटभर सुकट पडली. मग आधी पुढचे पाय आत, पुढच्या दिवशी मागचे, आणि एका दुपारी चैताली शाळेतून आली तर हा आत वेटोळं करून घोरतोय! तिने दप्तर फेकलं आणि आवाज न करता, तोंडावर हात दाबून, जागच्या जागी नाच केला.

पप्पांचंही मन त्यात रमलं. दिवसभर मशिनवर उभं राहून पाय सुजवून यायचे, पण चहा झाला की तेच म्हणायचे, “काय साहेब, निघायचं?” काळू क्रेटात, क्रेट मागच्या सीटवर, चैताली शेजारी, तिच्या हातात सुकटीचा डबा. आधी नुसतंच बंद आल्टोत बसायचं. कॉलनीतली पोरं काचेला नाक लावून विचारायची, “काका, गाडी बंद पडली का?” मग इंजिन चालू. काळूने कान पाडले, अंग आखडलं. चैतालीने सुकट धरली. त्याने बराच वेळ तिच्याकडे बघितलं, तिच्याकडेच, आणि खाल्ली. मग पवननगर. मग द्वारका. उड्डाणपुलावर पहिल्यांदा गेले तेव्हा वाऱ्याच्या आवाजाला तो बारीक ओरडला. चैतालीने भोकातून बोट घातलं, त्याने त्या बोटावर हनुवटी टेकली आणि गप्प झाला. तिचा हात पार आडगाव येईस्तोवर बधिर झाला, पण तिने काढला नाही.

प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला ओझरपर्यंत जाऊन आले. जाताना झोपला, येताना झोपला. घरी उतरल्यावर क्रेट उघडला तर बाहेरच येईना.

“आल्टोला मासळी बाजाराची कळा आणलीत दोघांनी,” आई म्हणाली, पण हसली.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. पूजाताईला सातवा लागत होता. ओटीभरण झालं की ती बाळंतपणाला माहेरी येणार. पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं, हे ठरलेलंच होतं. पण या घरात ते नुसतं ठरलेलं नव्हतं, ते देवाकडे मागितलेलं होतं. आदल्या वर्षी ताईचं चौथ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा आई पुण्याला जाऊन राहिली होती आणि परत आल्यावर कितीतरी दिवस स्वयंपाक करताकरता मध्येच गॅस बंद करून ओट्याशी नुसती उभी राहायची.

आता आईने मागची खोली धुऊन काढली. जुनी बाज दुरुस्त केली, दुपट्यांसाठी मऊ धोतरं शोधली. सिंधुमावशी येऊन बसल्या आणि शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “सगळं ठीक आहे गं, पण या बोक्याचं काय? बाळंतिणीच्या खोलीत मांजर नको बाई. तान्ह्याच्या तोंडाला दुधाचा वास, हे जाऊन छातीवर बसतं. आणि आता दिवसांतसुद्धा बरं नसतं म्हणतात, डॉक्टरही सांगतात.”

“काहीतरीच काय मावशी! काळू ताईचाच आहे,” चैताली आतून ओरडली.

आईने फक्त शेंगांची टरफलं गोळा केली.

नंतर दोन दिवसांनी पोळ्या लाटताना तिने सहज विचारलं, “चैतू, आता किती वेळ बसतो गं तो गाडीत?”

आणि चैताली! तिला कुणी विचारायचीच खोटी. ती कणकेचे हात तसेच नाचवत म्हणाली, “किती म्हणजे? तू सांग कुठं जायचंय! हूं नाही की चूं नाही. रिबीन नुसती हातात घेतली तरी आत जाऊन बसतो. मीच कशाला पाहिजे, पप्पांनी एकट्याने नेलं तरी जाईल. दाखवू?”

“नको, राहू दे,” आई म्हणाली.

फेब्रुवारीत सिन्नरला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. बाई, संजना आणि चैताली सकाळच्या एसटीने गेल्या. निघताना काळू जिन्यात उन्हाला पडला होता. चैतालीने त्याच्या दोन कानांच्या मधे नाक घासलं. “दुसरा नंबर तरी आणते बघ,” म्हणाली. आणि आणला! चषक चांगला हातभर उंच, वर सोनेरी मुलगी, हात वर केलेली. परतीच्या एसटीत तिने तो मांडीवरून खाली ठेवला नाही. कंडक्टरने विचारलं, “याचं तिकीट काढलं का?” तर म्हणे, “फुकट आहे काका, पाच वर्षांच्या आतला.” सगळी बस हसली.

दार आईने उघडलं. “अगंबाई, बक्षीस!” म्हणाली, चषक हातात घेतला, पुसला, टीव्हीवर ठेवला, सगळं केलं. पप्पा कामावरून लवकर आले होते. तेही “शाब्बास” म्हणाले आणि पुन्हा बाहेर गेले.

“काळू कुठाय?”

“असेल बाहेर. येईल.”

तो रात्री आला नाही. सकाळीही आला नाही. मग चैतालीने आयुषला आणि संजनाला हाका मारल्या आणि तिघांनी सिडको पालथं घातलं. सुकटीचा डबा वाजवत, “काळूऽऽ” करत. पैजा लावणारा आयुष गटारींची झाकणं उचलून वाकून बघत होता. संजनाने गाड्यांच्या खाली लोळून युनिफॉर्म काळा केला. शाळेआधी, शाळेनंतर, रोज. आई म्हणायची, “बोके जातात गं असे. पळतात. वयात आले की घर सोडतात.” पप्पा जेवताना मान वर करत नव्हते. चैतालीला वाटलं, त्यांनाही वाईट वाटतंय. ते खरंही होतं.

शेवटी तिने डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “त्याच्या वासाची वस्तू दाराबाहेर ठेव. त्याची बसायची जागा आहे ना, तीच ठेव. वासावर येतात.”

क्रेट जिन्याखाली नव्हता. ताई येणार म्हणून आईने आवराआवर केली होती, तो माळ्यावर गेला होता. चैताली स्टुलावर चढली, त्याची धूळ झटकत तो खाली घेतला आणि थांबली.

रिबीन नव्हती. रिबिनीच्या जागी सुतळी होती, तिच्या दोन टोकांना पीळ देऊन मारलेली घट्ट गाठ. ही गाठ तिने लहानपणापासून बघितलेली. द्राक्षाच्या काड्या तारेला अशाच बांधतात. घरात वर्तमानपत्रांचा गठ्ठा, गादीची वळकटी, ताईच्या रुखवताची खोकी, सगळं याच गाठीने बांधलेलं असायचं, आणि घरात ती एकाच माणसाला येत होती. प्रवास लांबचा असला, मध्येच फूल सुटू नये असं वाटलं, की माणूस रिबीन काढून सुतळी बांधतो.

तिने भोकातून बोट घातलं. स्वेटर आतच होता. त्यावर काळे केस होते आणि भरपूर सुकट सांडली होती, अख्खा डबा ओतल्यासारखी.

पप्पा ओसरीत मोजे काढत होते. आई मागे भाजी निवडत होती. चैतालीने क्रेट दोघांच्या मधे ठेवला. तिला आता कितीतरी प्रश्न विचारता आले असते. तुम्ही नेलं का, कुठं, का, मला का नाही सांगितलं. सगळे विचारायचा दम होता तिच्यात. पण तोंडातून आला तो वेगळाच, आणि तोही इतक्या बारीक आवाजात, की पूर्वीची चैताली बोलतेय असं वाटावं.

“पप्पा, तो वाटेत ओरडला का?”

पप्पांनी एक मोजा हातात धरला होता, तो तसाच राहिला.

“नाही गं,” ते म्हणाले. “झोपला होता.”

आईच्या हातातली मेथी थांबली.

“पोत्यात नाही घातलं चैतू,” पप्पा भराभर बोलायला लागले. “लोक पोत्यात घालून नेतात. मी म्हटलं, नाही, त्याच्याच क्रेटात नेऊ. रोजच्यासारखंच म्हणालो, साहेब, निघायचं? आपणहून आत गेला. पिंपळगावला दीपककडे सोडलाय, काही उकिरड्यावर नाही. पॅकहाउसला उंदीर असतात, मोकळी जागा आहे. मजेत राहील.”

“मी सांगितलं त्यांना,” आई मधेच बोलली. तिचा आवाज चिरका झाला होता. “त्यांना नको बोलूस, माझ्याशी बोल. एक गेलंय पूजाचं. या वेळी मला काही म्हणजे काही नको होतं. उद्या काही झालं असतं तर मी आयुष्यभर त्या मांजराकडे बोट दाखवलं असतं. तू सिन्नरला होतीस, म्हटलं हिच्या डोळ्यांदेखत नको.”

“आणि क्रेट? क्रेट का परत आणलात?”

पप्पांना हा प्रश्न समजला नाही. ते म्हणाले, “तुझा होता ना. तू बनवलेला.”

रविवारी सकाळी तिघं पिंपळगावला निघाले. कुणी काही ठरवलं नव्हतं. चैताली क्रेट घेऊन गाडीत जाऊन बसली, मग पप्पा आले, मग आई पदर खोचत आली. मागच्या सीटवर क्रेट, शेजारी चैताली. ओझर गेलं. इथवर काळू तिच्याबरोबर आला होता.

ऐन सीझन होता. पॅकहाउसपुढे टेम्पोंची रांग, आणि जिकडे बघावं तिकडे क्रेट. भिंतीला लागून माणसाच्या दुप्पट उंचीच्या थप्प्या, मैदानात ढीग, टेम्पोत चळत. सगळे निळे. चैताली गाडीतून उतरली आणि तिचे पाय तिथंच थांबले. काळूला जगात एकच जागा स्वतःची अशी शिकवली होती, आणि तिच्यासारख्या हजारो जागा इथं ओळीने मांडल्या होत्या.

दीपककाका पप्पांशी हळू आवाजात बोलत होते. ते आधी म्हणाले, असेल इकडंच कुठंतरी. मग म्हणाले, “दादा, तू आणलास म्हणून नाही म्हणवलं नाही मला. पण एक्स्पोर्टचा माल आहे, साहेब लोक तपासायला येतात. आत मांजर दिसलं तर अख्खा लॉट परत. बाहेरच ठेवायला लागलं त्याला.”

हे पप्पांनी त्या दिवशी विचारलंच नव्हतं. त्यांच्या लहानपणी द्राक्षं घरच्या पडवीत, वर्तमानपत्राच्या कपट्यांत पेटीबंद व्हायची आणि मांजरं पेट्यांवर झोपायची.

दाराशी बायका डोक्याला टोप्या चढवून आत जायच्या तयारीत होत्या, हातात घड साफ करायच्या कात्र्या. त्यातल्या एकीने चैतालीच्या हातातला क्रेट आणि आतला स्वेटर पाहिला आणि थांबली. लंकाबाई तिचं नाव.

“काळं मांजर तुमचं का गं बाई?”

“हो! कुठाय?”

लंकाबाईने कात्री ओच्यात खोचली. “लय गुणाचं व्हतं. आमच्या चपला ऱ्हातात ना त्या लिंबाखाली, तिथं बसायचं. भाकर टाकली तर खायाचं नाय. पन गाडी आली रं आली की पळत जायाचं. आमी म्हनायचो, आसं कसं हे, दुसरी मांजरं गाडीला भेत्यात, हे गाडीकडंच पळतंय! कुनाच्या बी गाडीचं दार उघडलं की जाऊन हुबं. मानूस उतरला की त्याच्या तोंडाकडं बघायचं.”

चैतालीच्या मागे आई उभी होती. तिने गाडीच्या दाराला धरलं.

“मंग रिकाम्या कॅरेटात जाऊन बसायचं. हाकललं की दुसऱ्यात. गप बसून ऱ्हायाचं डोळे मिटून, आता कोन उचलंल म्हनून. परवाच्याला सकाळी टेम्पोत रिकामे कॅरेट चढवीत व्हते, त्यातल्या एकात बसल्यालं म्या बघितलं. वरडले बी पोरांला, आरं मांजर हे त्यात. पन मशिनच्या आवाजात कुनाला ऐकू जातंय? फळी लावली, टेम्पो गेला.” ती थांबली, मग जणू काही चांगलंही सांगावं म्हणून म्हणाली, “वरडलं नाय गं. जाताना बगत व्हतं आमच्याकडं, पन वरडलं नाय.”

टेम्पो बागाबागांवर क्रेट टाकत जातो. दिंडोरी, निफाड, चांदवड. रोज वेगळी गावं. ड्रायव्हरला विचारलं. त्याने खरं ते सांगितलं, की त्याला मांजर दिसलंच नाही. क्रेट उतरवणारे शेतातले मजूर, तेही रोज वेगळे.

चैताली रडली नाही. तिने सुतळीची गाठ दातांनी सोडवली, आतला स्वेटर काढला आणि तो लिंबाखाली चपलांच्या बाजूला, बुंध्याच्या बेचक्यात नीट बसवला. लंकाबाई म्हणाली, “कॅरेट बी ठिव की.”

“नको,” चैताली म्हणाली. “क्रेट टेम्पोत जाईल.”

परतीला टोलनाका गेल्यावर पप्पा आरशात बघत म्हणाले, “चैतू, कंपनीतल्या एकाकडे पिल्लं झालीत. बाळंतपण आटोपलं की एक आणू. काळंच आणू पाहिजे तर.”

“आणि पूजाला काही सांगू नका हं इतक्यात,” आई मागे न वळता म्हणाली. “पळून गेला म्हणा. बोके पळतातच. तिच्या जिवाला लागायला नको आता.”

बाहेर बागांमागून बागा जात होत्या, प्रत्येक बागेच्या कडेला निळे क्रेट. चैतालीने रिकाम्या क्रेटाच्या भोकातून बोट घातलं होतं. मॅडमनी सांगितलेलं सगळं तिने केलं होतं. पायरी चुकवली नव्हती. गाडी म्हणजे खाऊ. गाडी म्हणजे पुन्हा घर. तो त्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवून बसला होता, फक्त तिला सोडून बाकी सगळ्यांच्या गाड्यांत. पुढच्या सीटवर आईचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. चैतालीला तिचा रागही पुरता येईना. त्या खांद्यांपलीकडे पूजाताई दिसत होती, ओट्याशी गॅस बंद करून उभी राहिलेली आई दिसत होती.

घर आलं. पप्पांनी इंजिन बंद केलं, पण कुणी उतरलं नाही. बंद गाडीत तिघंजण बसून राहिली, पहिल्या दिवसांसारखी. तेव्हा चैताली बोलली. माइकवर बोलायची तसा आवाज नव्हता तो, पण एकही शब्द गिळला नाही.

“आई, पप्पा, मी ठरवलंय. दुसरं पिल्लू आणायचं नाही. ताई आली की पहिलं विचारणार, काळू कुठाय. तिला मी सांगणार, पिंपळगावला आहे, दीपककाकांकडे. तुझं बाळ मोठं होईपर्यंत तिकडे ठेवलाय. बाकीचं काही सांगणार नाही, शपथ. पण तो पळून गेला असं या घरात कुणीही, कुणालाही म्हणायचं नाही. सिंधुमावशींनासुद्धा नाही. तो पळाला नव्हता.”

आईने मान हलवली.

“आणि ते खोटं व्हायला नको, म्हणून सीझन संपेपर्यंत दर रविवारी मी पिंपळगावला जाणार. टेम्पो जातात त्या बागांवर विचारत जाणार. पप्पा, तुम्ही आलात तर गाडीने. नाही आलात तर एसटीने. आणि हा क्रेट आता माळ्यावर ठेवायचा नाही. इथंच राहील, मागच्या सीटवर, झाकण उघडं.”